रविवारी रात्री ११:५९

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. लातूरहून रोज अप-डाउन. लॉकडाउनमध्ये नाइलाजानं सुरू झालेली ऑनलाइन चर्चा आमच्याकडं नंतरही टिकली, कारण हजेरीपटावर साठ नावं आणि समोर बाकांवर वीसेक पोरं. बाकीची कुणी दुकानात, कुणी पोलीस भरतीच्या मैदानावर, कुणी रानात. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर दर आठवड्याला एक प्रश्न टाकायचा, पोरांनी त्यावर लिहायचं, एकमेकांच्या लिहिण्यावर बोलायचं. अंतर्गत गुणांपैकी १० गुण त्याला.

मुदत रविवारी रात्री ११:५९ ची. मूडलमध्ये दोन वेगळ्या तारखा देता येतात. ड्यू डेट उलटली तरी लिहिता येतं, उशीर झाला एवढंच कळतं. कट-ऑफ डेट उलटली की दारच बंद. मी दोन्ही रकान्यांत एकच वेळ टाकली होती. पोरांना शिस्त लागावी, असं स्टाफरूममध्ये सांगायचे. खरं म्हणजे सोमवारी सकाळी बसमध्येच गुण भरून मोकळं व्हायची सवय लागली होती.

त्या आठवड्याचा विषय होता १९७२ चा दुष्काळ. प्रश्न मोठ्या हौसेनं काढला होता: २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तुम्ही लहान होता. ती टंचाई आणि बहात्तरचा दुष्काळ यांत फरक काय? घरातल्या थोरांना विचारून लिहा.

सोमवारी उठले तर फोनवर एका विद्यार्थिनीचा व्हॉइस मेसेज येऊन पडलेला. वेळ रात्री १२:२०, लांबी सात मिनिटं. खाली ओळ: "मॅडम, चर्चा बंद झाली, म्हणून इथं पाठवायले." या मुलीला आधीच्या दोन चर्चांत शून्य होतं, दोन्ही वेळा उशीर. अशा निरोपांसाठी माझं एक ठरलेलं उत्तर होतं, तेच चिकटवलं: 'मुदत संपली आहे. पुढील वेळी वेळेत लिहावे.' तिचं उत्तर आलं, "बरं मॅडम." आणि मिनिटभरानं, "पण ऐका एकदा. आजी म्हणायली, मॅडमला ऐकव."

ऐकलं नाही. बसमध्ये गुण भरायला घेतले.

एक्केचाळीस उत्तरं होती. पहिल्या पाच-सहा उत्तरांनंतर मला वाटलं, पान पुढं सरकतच नाही की काय. "१९७२ चा दुष्काळ हा महाराष्ट्राच्या इतिहासातील भीषण दुष्काळ होता" हे वाक्य मी मोजलं, सव्वीस वेळा होतं. त्या सव्वीसांत पुढं 'दुष्काळामुळे रोजगार हमी सुचली', मग त्या योजनेचे जनक वि. स. पागे, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. नावं-तारखा बिनचूक. उत्तरांखाली "छान माहिती", "मी सहमत आहे" आणि अंगठे. अख्ख्या वर्गात एकाच्याही घरी आजी-आजोबा नसावेत, असं ते वाचून वाटलं असतं. मग वेळा बघितल्या. एक्केचाळिसांतली एकतीस उत्तरं रविवारी रात्री दहानंतरची. दहा ते बारा दरम्यान एकतीस माणसं एकाच खोलीत शिरतात, प्रत्येक जण आपला कागद टेबलावर ठेवतो आणि निघून जातो, त्याला मी तीन महिने चर्चा म्हणत होते.

रेणापूर फाट्याच्या अलीकडं गाडी थांबली होती, तेव्हा कानात इअरफोन घालून तो मेसेज लावला.

आधी मुलीचा आवाज, "हं, बोल आता." मग म्हातारीचा. "प्यायापुरतं पाणी व्हतं बाई बहात्तरला. दाणा न्हवता. आता पाणी न्हाई आन् दाणा हाय, दुकानात मिळतो." मग ती मिलोवर आली. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी थापायला घेतली की तुटायची, आणि सासू म्हणायची, सुनेलाच येत न्हाई. खडी फोडायचं काम, कामावर मिळणारी सुकडी. ती निम्मी खायची, निम्मी पदराला बांधून घरच्या पोरांना न्यायची. "आन् ह्ये पोरं पवायला जातेत न्हवं पाझर तलावावर, त्यो म्या खांदलाय. त्या येळंला हिचा बाप माझ्या पोटात." मागून कुणीतरी हसलं, आजी चिडली, आणि दोन मिनिटं तलावाचा भराव कुठल्या बाजूनं सुरू झाला हे तिनं समजावून सांगितलं.

कॉलेजात पोचल्यावर मुलीला फोन केला. उशीर का झाला? माझ्या डोक्यात लाइट, रेंज, रिचार्ज असली नेहमीची कारणं तयार होती. ती म्हणाली, "आजी आत्याच्या गावाला गेलती मॅडम. रविवारी संध्याकाळच्या यष्टीनं आली. तुम्हीच म्हणला ना, थोरांना विचारून लिहा." आजी बोलायला लागली ती साडेअकरापर्यंत थांबेना. रेंजसाठी मारुतीच्या पारावर जाईस्तोवर बारा वाजून गेले. आधीच्या दोन वेळा? "त्या वेळी बी विचारूनच लिहिलतं." म्हणजे प्रश्नात सांगितलेलं तिनं केलं होतं, आणि तेवढ्याचसाठी तिला उशीर झाला होता.

तेवढ्यावर थांबले असते तर एका मुलीला सवलत देऊन विषय मिटला असता. पण वेळा बघताना आणखी एक नाव डोळ्यांत भरलं होतं. वर्गातला एक हुशार मुलगा, प्रत्येक चर्चेत ११:५० च्या पुढं. मंगळवारी त्याला बोलावून घेतलं. आळशीपणावर दोन शब्द सुनवायचे ठरवलेच होते.

"मुद्दाम उशिरा टाकतो मॅडम," तो म्हणाला. "पहिल्या चर्चेला सोमवारीच टाकलतं. बुधवारपर्यंत माझंच उत्तर आठ-धा जणांच्या नावावर. मग तुम्ही सगळ्यांचे निम्मे गुण कापले, कॉपी म्हणून. त्यात मी बी आलो."

खरं होतं. कापले होते. कुणाचं आधी आलं, हे वेळा बघून दोन मिनिटांत कळलं असतं. मी सुनवायला बसले होते ती उठले आणि त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला.

त्या दुपारी ती बंद पडलेली चर्चा मी पुन्हा उघडली आणि मुलीला विचारून आजीचा आवाज वर चढवला. खाली लिहिलं, यावर बोला, शुक्रवारपर्यंत. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर म्हणाले, "एकाला सूट दिली मॅडम, उद्या सगळा गाव दारात." त्याहून झोंबलं ते वर्गातल्या एका मुलीचं. ती प्रत्येक वेळी बुधवारीच लिहून मोकळी होणारी. "मग आम्ही काय येड्यावाणी वेळेत टाकलं का?" तिला त्या वेळी धड उत्तर देता आलं नाही. तुझे गुण कमी होणार नाहीत, असं म्हणाले. तिनं ते विचारलंच नव्हतं.

तिच्या त्या प्रश्नावर दोन दिवस डोकं चालवल्यावर पुढच्या चर्चेची मांडणी बदलली. मूडलमध्ये प्रश्नोत्तर पद्धतीचा फोरम असतो. त्यात स्वतःचं लिहिल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. तो निवडला. पहिलं उत्तर गुरुवारपर्यंत. ती ड्यू डेट, दार उघडंच, उशीर झाला तर एक गुण कमी. दुसऱ्यांना उत्तरं सोमवार रात्रीपर्यंत, आणि तिथं मात्र कट-ऑफ. गृहपाठ आठ दिवसांनी आला तरी मी एकटी तो वाचू शकते. चर्चेत सगळे उठून गेल्यावर आलेल्याशी बोलायला कुणी उरत नाही, मग त्याला पूर्ण गुण द्या नाही तर शून्य. वेळेत लिहिणाऱ्या मुलीचीही तीच अडचण होती. तिचं बुधवारचं उत्तर रविवारपर्यंत कुणी उघडतच नसे.

आजीच्या आवाजाखाली शुक्रवारपर्यंत तेवीस उत्तरं आली. एकानं लिहिलं, आमचे आजोबा म्हणतात मिलो इतकी काही वाईट नव्हती, हिच्या आजीला थापता येत नसेल. त्यावर मुलीनं पुन्हा आवाज पाठवला. त्यातले दोन शब्द मला ऐकून काढून टाकावे लागले. त्या हुशार मुलानं पहिल्यांदा दिवसाउजेडी लिहिलं, की कायदा १९७७ चा असला तरी पाग्यांचा रोजगार हमीचा प्रयोग दुष्काळाच्या आधीचा, १९६५ चा, सांगली जिल्ह्यात तासगावला झालेला. म्हणून 'दुष्काळामुळे रोजगार हमी सुचली' हे सव्वीस जणांचं वाक्य अर्धवट आहे. त्या सव्वीसांतले चार जण त्याच्याशी भांडायला आले.

नवीन पद्धतीत अजूनही सात-आठ जण सोमवारी रात्रीच जागे होतात, आणि "मी सहमत आहे" काही मेलेलं नाही.

मुलीच्या आधीच्या दोन चर्चांची शून्यं बदलायला मी परीक्षा विभागात गेले होते. यादी पुढं गेली होती. मुदत संपली, मॅडम, असं त्यांनी मला सांगितलं.