मृगाच्या आधी गाव सोडणाऱ्या बाया

आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या रानातल्या वाड्यांवर बाईला आठवा महिना लागला आणि मृग तोंडावर आला, की तिला खाली पाहुण्यांकडे पाठवतात. ओढे भरले की वाट बंद. मी नर्स, नोकरी बेळगावात. अशा बाया वॉर्डात लगेच ओळखू येतात. केसपेपर कन्नडात असतो. डॉक्टर पुढं गेले की सासू हळूच विचारते, "काय ओ बाई, काय म्हणालेत ते?"

परवा कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या उत्तरेकडच्या पुविर्नितुकविषयी वाचलं. हडसन उपसागराकाठचं, इनुइट या तिथल्या मूळच्या लोकांचं गाव, रस्ता पोचतच नाही. बाळंतपणासाठी बायकांना विमानानं दूर दक्षिणेला धाडायचे. थोरली पोरं घरी, ही परक्या भाषेत आठवडेच्या आठवडे एकटी. गावातल्या बायकांनी रेटा लावला आणि 1986 साली तिथंच प्रसूतिकेंद्र निघालं. इनुइट मुली तिथंच शिकून सुईणी झाल्या. सिझेरियनची सोय आजही नाही. पण कुणी गावात बाळंत व्हायचं, कुणाला दक्षिणेला न्यायचं, हे ज्या बैठकीत ठरतं तिथं सुईणींचा शब्द पुढं असतो.

हे वाचून मी अडकले ते इथंच. आपल्याकडे दवाखान्यातल्या भाषेचा विषय निघाला की गाडी थेट पाट्यांवर जाते. पाटी मराठीत हवी, कागद मराठीत हवा, मलाही हवा. पण "अंघोळ करून यायला काय झालं होतं?" असं रानातल्या बाईला अस्सल मराठीत विचारणाऱ्या सिस्टरही मी पाहिल्यात. 2020 मध्ये क्वेबेकमधल्याच जोलिएतच्या रुग्णालयात जॉइस एशाक्वान या अतिकामेक, म्हणजे तिथल्याच एका मूळच्या जमातीतल्या बाईनं मरण्याआधी कर्मचाऱ्यांच्या शिव्या फोनवरून जगाला ऐकवल्या. तिथं नुसता दुभाषा देऊन काय झालं असतं?

न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेती राम्सडेन यांचं म्हणणं होतं, की सेवा सुरक्षित होती की नाही हे ती घेणाऱ्यानं ठरवायचं. 1992 पासून तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणात ते आलं. आम्हाला असलं काही कुणी शिकवलं नाही.

आमच्याकडे आशा आहेत, त्याच वाड्यांवरच्या. कुठला ओढा आधी भरतो, कुणाची सासू पाठवायला तयार नाही, सगळं त्यांना पाठ. त्यांच्याकडून रजिस्टर तेवढं भरून घेतात. मे महिन्यात, कुणाला कधी खाली आणायचं हे ठरवताना, त्यांना बसवून घ्या आणि त्यांचं ऐका, असं मी लिहून देणार आहे. त्या दिवसाचं बसभाडं आणि बुडालेला रोजही द्यावा लागेल, तेही त्यातच लिहिते.