सात हजारांचा कलमाचा चाकू आणि माझा डावा हात

गेल्या वर्षी मे संपता संपता मी कलमं बांधायचा एक चाकू घेतला. जर्मनीचा, घडीचा, खिशात मावणारा, आणि मला तो सात हजारांच्या आसपास पडला. तेव्हापासून आई, काका, ऑफिसमधल्या मैत्रिणी, सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, चाकूला सात हजार? दरवेळी अर्धवट उत्तर देऊन कंटाळा आला म्हणून आता एक पूर्ण सीझन वापरून झाल्यावर नीट लिहिते.

लांज्याजवळ आमची छोटी नर्सरी आहे, काका बघतात. मी पुण्यात नोकरी करते आणि वर्षभर सुट्ट्या साठवून जून-जुलैत कलमं बांधायला जाते. आमच्याकडे मुख्य काम कोय कलमाचं. आजोबांच्या वेळी भेट कलम करायचे, रोपाची कुंडी झाडाच्या फांदीला टेकवून बांधायची आणि महिनोन् महिने वाट बघायची, नंतर दापोलीच्या कृषी विद्यापीठामुळे कोय कलम कोकणात घरोघरी पोचलं आणि कामाचा वेगच बदलला. रायवळ आंब्याच्या कोया रुजत घालायच्या, रोप जेमतेम दोन आठवड्यांचं, पानं अजून तांबूस, देठ कोवळा असतानाच वरून कापायचं, मधोमध तीन-चार सेंटिमीटरची चीर द्यायची आणि हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करून त्या चिरेत बसवायची, वर प्लॅस्टिकची पट्टी. ऐकायला सोपं आहे. पण सगळा खेळ त्या पाचरीच्या दोन कापांचा आहे, काप एकदम सपाट हवा, एका ओढीत व्हायला हवा, कारण सालीखालचा जो पातळ हिरवा थर असतो तो रोपाच्या थराला चिकटून बसला तरच कलम लागतं. मध्ये पोकळी राहिली किंवा बोथट पात्याने तो थर चेचला गेला की काडी आठ-दहा दिवसांत काळी पडते.

आता माझी अडचण. मी डावरी आहे.

कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू पूर्ण सपाट. ही सपाट बाजू काडीकडे राहते म्हणून काप सपाट येतो, रंध्याने लाकूड काढावं तसा. पण बाजारात मिळणारे असे चाकू उजव्या हाताचे असतात, ते डाव्या हातात धरले की उतार असलेली बाजू काडीकडे येते, पातं लाकडातून बाहेर पळायला बघतं आणि काप सरळ न जाता वाटीसारखा वळतो. मला हे कितीतरी वर्षं कळलंच नव्हतं. मला वाटायचं माझाच हात बसत नाहीये. काका म्हणायचे, होईल सवयीने. मग मी दोन्हीकडून धार असलेले चाकू वापरून पाहिले, कटरची पाती वापरली, आमच्याकडे बरेच जण दाढीच्या ब्लेडवर काम करतात तेही केलं. ब्लेडला धार अप्रतिम असते यात वादच नाही, पण ते पातळ असल्यामुळे जून काडीत वाकतं आणि काप लाटेसारखा येतो. मग परत तासा, परत तासा, प्रत्येक वेळी काडी अर्धा इंच कमी होते आणि चांगली काडी मिळणं किती अवघड असतं हे नर्सरीवाल्यांना सांगायला नको. तीन-चार महिन्यांची पक्व फांदी शोधायची, आठ-दहा दिवस आधी तिची पानं छाटून ठेवायची, डोळे फुगायला लागले की कापून आणायची, आणि मग ती माझ्या हातात नुसती तासून संपायची. वाईट वाटायचं खूप.

टीना नावाची कंपनी आहे, जर्मनीत रॉयटलिंगेनला, ते फक्त बागकामाचे चाकू करतात असं म्हटलं तरी चालेल. त्यांचा ६०५ नंबरचा कलमाचा चाकू डावऱ्यांसाठी वेगळा मिळतो, हे मला कळलं तेव्हा रात्री साडेअकरा वाजता मी मावसभावाला मेसेज केला, तो स्टुटगार्टला असतो. त्याने किंमत कळवली आणि मी दोन आठवडे गप्प बसले.

ते दोन आठवडे मी नुसतं वाचत होते. खिशातल्या महाग चाकूंचं एक वेगळंच जग आहे, तिथे टायटॅनियमची मूठ, एस३०व्ही नावाचं, धातूच्या भुकटीपासून केलेलं पावडर स्टील, एका अंगठ्याने उघडणारं पातं वगैरे. सेबेन्झा म्हणून एक चाकू आहे, झुलू भाषेत त्या शब्दाचा अर्थ काम, आणि त्याची किंमत चारशे डॉलरच्या वर! हे सगळं बघताना मोह होतो, खोटं का बोलू. पण माझ्या कामाला ते स्टील बसत नाही. एस३०व्हीमध्ये व्हॅनेडियम नावाचा धातू ४ टक्के असतो, त्याचे कार्बनशी मिळून जे कण तयार होतात ते आपल्या नेहमीच्या धार लावायच्या दगडाच्या कणांपेक्षाही कठीण असतात, म्हणजे धार टिकते खूप पण गेली की हिऱ्याची प्लेट घेऊन बसा. मला तर दर तासाभराने पातं दोन मिनिटं दगडावर फिरवून परत कामाला लागायचं असतं. त्यासाठी साधं कार्बन पोलाद बरं, दाणा बारीक असतो, धार पटकन येते आणि अगदी वस्तऱ्यासारखी येते. टीनाचं पातं तसंच आहे, घडवलेलं कार्बन पोलाद, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. लॉक वगैरे काही नाही, नुसत्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर उघडा राहतो.

स्वस्तातले पर्याय नव्हते असं नाही. ओपिनेल हा फ्रान्सचा चाकू, १८९० पासून बनतोय, ८ नंबरचा माझ्या भावाकडे आहे, ट्रेकला नेतो, किमतीच्या मानाने फारच सुंदर वस्तू. १९५५ पासून त्याला ती फिरवायची लॉकची कडी आहे, त्यामुळे पातं बोटावर मिटत नाही. पण त्याची धार दोन्ही बाजूंनी आहे. व्हिक्टोरिनॉक्सचे कलमाचे आणि डोळा भरायचे, म्हणजे काडीऐवजी नुसता डोळा बसवायचे चाकू मिळतात, स्टेनलेस, आणि कोकणातल्या पावसात स्टेनलेस ही फार मोठी सोय आहे हे मी स्वतः भोगून सांगते, पुढे येतंच ते. काकांकडे तर घिसाड्याने गाडीच्या पाट्यापासून केलेली एक सुरी आहे, दीडशे रुपयांची, त्या माणसाने तिला असं काही पाणी दिलंय की धार तीन-तीन दिवस जात नाही. पोलादात ती कुठेच कमी नाही, फक्त पातं जाड आहे, कोवळ्या रोपाला चीर देताना देठ फाकतो.

शेवटी हिशोब असा केला. मी सीझनला हजार-बाराशे कलमं बांधते. चाकू दहा वर्षं तरी टिकेल, खरं तर जास्तच. म्हणजे एका कलमामागे रुपयासुद्धा नाही, आणि वाया जाणाऱ्या काड्या वेगळ्याच. मावसभावाला सांगितलं, आण. त्याने चेक-इनच्या बॅगेत टाकून आणला.

पहिल्या दिवशी पहिली काडी तासली आणि मी दोन मिनिटं नुसती बघत बसले. काप आरशासारखा! दुसरी बाजू, एकच ओढ, संपलं. पाचर चिरेत सरकली तशी दोन्हीकडची साल बरोबर जुळली. इतकी वर्षं मी माझ्या हाताला दोष देत होते हे तेव्हा आत कुठेतरी लागलं, आणि आनंदही झाला.

आता वाईट गोष्टही सांगते. दुसऱ्याच आठवड्यात दिवसभर काम करून मी चाकू पुसला, चामड्याच्या पाउचमध्ये घातला आणि खळ्यातल्या पडवीत खुंटीला लावून झोपले. सकाळी पात्यावर तांबेरा, मोहरीएवढे ठिपके, एक तर बरोबर धारेजवळ. चामडं ओल धरून ठेवतं, त्यात जून महिन्यातली हवा. रडू आलं होतं. बारीक पॉलिश पेपरने आणि तेलाने बरंच निघालं, धारेजवळचा खड्डा जायला मात्र पुढच्या आठ दिवसांचं धार लावणं लागलं. तेव्हापासून नियम एकच, चीक स्पिरिटने पुसायचा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि पाउचमध्ये कधीच नाही, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. आंब्याच्या चिकाने पातं आता काळपट-निळसर झालंय, त्याने काही बिघडत नाही, उलट तांबेरा कमी धरतो असं दिसतंय. ज्यांना ही रोजची उस्तवार जमणार नाही त्यांनी कोकणात कार्बनचा चाकू घेऊच नये, व्हिक्टोरिनॉक्स घ्यावा, मनापासून सांगते.

धार लावतानाही एक गोष्ट सांभाळायची. सपाट बाजू दगडावर पूर्ण पालथी ठेवूनच फिरवायची, जराही उचलायची नाही, नाहीतर ती बाजू गोल होते आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच जातं. मग जुन्या कमरपट्ट्याच्या चामड्यावर दहा-वीस हात, न्हावी वस्तरा फिरवायचा तसं.

कलमं जास्त जगली का? थोडी जास्त जगली, पण सगळं श्रेय चाकूला देणार नाही, गेल्या वर्षी काड्या चांगल्या होत्या आणि पाऊस बेताने पडला, काडी जुनाट असेल किंवा मध्येच कडक ऊन पडलं तर कुठलाही चाकू काही करू शकत नाही. माझ्या काड्या वाया जायच्या थांबल्या आणि संध्याकाळी मनगट दुखायचं थांबलं, हे दोन मात्र नक्की चाकूचे. घरामागे वर्षाला वीस-पंचवीस कलमं बांधणाऱ्याने, त्यातून उजव्या हाताच्या, सात हजार घालू नयेत. हजाराच्या घरात कलमं असतील तर घाला, आणि डावरे असाल तर त्याच्या आधीच घाला.

काकांनी सीझनभर त्याला हात लावला नाही. शेवटच्या दिवशी मागितला, उजव्या हातात धरून एक काडी तासली, काप वाटीसारखा वळला. त्यांनी तो काप बोटाने चाचपून बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "एवढी वर्षं तुला असं व्हायचं होय?" मी म्हटलं हो. मग चाकू परत देताना हळूच विचारलं, उजव्या हाताचा मिळतो का गं. मावसभाऊ गणपतीला येतोय, त्याला सांगितलंय. तोपर्यंत यंदाची कलमं बांधून झालेली असतील, पण काका म्हणतात असू दे, धार लावायला शिकेन तोवर.