हरवला नाय, नेला

जूनचा दुसरा आठवडा होता. बाजारात नुकतीच शेवळं, ही पावसाळी रानभाजी, यायला लागली होती. दिव्याहून येणाऱ्या मावशी आमच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसतात, शेवळांच्या जुड्या मांडून, शेजारी काकडांचा वाटा. संध्याकाळी सातला पावसाची सर आली, सगळी गर्दी आमच्या पत्र्याखाली शिरली आणि सर ओसरेपर्यंत गोणपाटाखाली ठेवलेला मावशींचा फोन गेला होता.

मी त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. (ठाण्यात राहणाऱ्या माणसाने ‘ठाण्यात गेले होते’ म्हटलं की पुढे दोन वाक्यं खुलाशाची लागतात.) ठाणे अंमलदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एक छापील कागद पुढे सरकवला. वर लिहिलं होतं, ‘वस्तू गहाळ झाल्याबाबत’.

“हे भरा, शिक्का मारून देतो. सिमकार्डचं काम लगेच होईल.”

मावशींनी विचारलं, “गहाळ म्हंजे?”

“हरवला.”

“हरवला नाय गो बाय, नेला.”

खरं सांगायचं तर मीही आजवर असे दोन कागद मुकाट्याने भरले आहेत, एकदा माझ्या पाकिटासाठी आणि एकदा मुलाच्या फोनसाठी. कागद सोयीचा असतो, पाच मिनिटांत सुटका. पण मावशी ऐकेनात. मग अंमलदारांनी विचारलं, “फोन कितीचा?” साडेतीन हजारांचा, तोही जुना घेतलेला. “मग ताई, चोरी लिहिली तरी एनसीच होणार, म्हणजे अदखलपात्र नोंद.”

मला वाटलं, हे टाळण्यासाठी बोलतायत. घरी येऊन वाचलं तर त्यांचं बरोबर निघालं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मात्र वस्तू हिसकावून नेली तर भारतीय न्याय संहितेचं 304 कलम लागतं, आणि तिथे किमतीचा प्रश्नच नाही, गुन्हा दखलपात्र. हातातून हिसकावला की पिशवीतून काढला, एवढ्यावर सगळं बदलतं. मावशींचा गोणपाटाखालून काढलेला, त्यामुळे एनसी.

पण त्याच वाचनात दुसरी गोष्ट सापडली. अदखलपात्र असली तरी तक्रारीचा गोषवारा पोलिसांना नोंदवावाच लागतो आणि अशा नोंदींचा अहवाल दर पंधरा दिवसांनी दंडाधिकाऱ्यांकडे जातो. ‘गहाळ’च्या कागदात मुळात चोरच नाही. मग चोरीच्या हिशेबात तो येणार कुठून?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ड्युटीवर वेगळे अंमलदार. पुन्हा पहिल्यापासून सगळं. “कशाला त्रास घेता, फोन काय मिळणार आहे?” हे तीनदा ऐकलं. तासाभराने एनसी लिहून झाली. मावशींनी सही करताना चश्मा मागितला, तो माझाच लावला.

फोन बंद पाडायचं काम त्यामानाने सोपं निघालं. आधी त्याच नंबरचं नवं सिम, कारण ओटीपी त्यावर येतो. मग केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तक्रारीची प्रत आणि आयएमईआय. फोनच्या ओळखीचा हा पंधरा आकडी नंबर त्याच्या खोक्यावर असतो. मावशींचं खोकं सुदैवाने घरी होतं, त्यात सेफ्टीपिना आणि सुनेची बटणं ठेवलेली.

इथवरचं प्रकरण आठवड्याचं. पुढचं दोन महिने चाललं.

गल्ल्याजवळ मी एक दोनशे पानी वही ठेवली. आमच्या पट्ट्यात कुणाचं काही गेलं की तारीख, वेळ, काय गेलं, कसं गेलं आणि पोलिसांकडे काय लिहून घेतलं, एवढंच. शेजारचा मसालेवाला आणि समोरचा कापडवाला आपणहून सांगायला लागले. आमच्या व्यापारी मंडळातल्या काहींना मात्र ते आवडलं नाही. “वहिनी, ही वही गिऱ्हाइकाने बघितली तर येईल का कोणी?” त्यांचंही चूक नव्हतं. वही मग गल्ल्याखाली गेली.

गणपतीच्या आधी पोलीस आणि नागरिकांच्या शांतता समितीची बैठक असते. व्यापारी मंडळाच्या वतीने यंदा मी गेले. या समित्यांचा इतिहास आपल्या ठाणे जिल्ह्यातलाच आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथे गल्लीतला माणूस पोलिसांसमोर बसून बोलत होता. आमच्या बैठकीत बोलले ते गणेश मंडळांचे अध्यक्ष. मंडप किती फूट, कमान कुठे, स्पीकर दहाला बंद म्हणजे नेमका कधी बंद. दोन तास स्पीकर. चहा दोनदा आला.

शेवटी मला वेळ मिळाली. मी सांगितलं, दोन महिन्यांत आमच्या पट्ट्यात एकवीस नोंदी आहेत, त्यांतल्या चौदा संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळातल्या. वरिष्ठ निरीक्षकांनी कारकुनाला रजिस्टर आणायला लावलं. त्या पट्ट्यातले चोरीचे गुन्हे निघाले दोन.

“बाकीचे कुठे आहेत?”

“तुमच्याकडेच आहेत साहेब. गहाळच्या गठ्ठ्यात.”

लोक हसले. साहेब हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. त्यांनी वही मागून घेतली आणि वेळेच्या रकान्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले की पायी गस्त पहाटेची आहे, कारण सोनसाखळीचे गुन्हे पहाटे फिरायला जाणाऱ्यांचे दाखल आहेत; संध्याकाळी माणसं वाहतुकीला आणि बंदोबस्ताला जातात. हे कोणी लपवलेलं नव्हतं. साखळी गेली की माणूस गुन्हा नोंदवल्याशिवाय हलत नाही, आणि फोनवाला शिक्का घेऊन घरी जातो. गस्तीचा तक्ता त्यावरूनच ठरतो.

एवढ्यात मागून आमच्याच व्यापारी मंडळातले एक गृहस्थ उठले. “साहेब, पायऱ्यांवरचे भाजीवाले हटवा, गर्दी गेली की चोऱ्या गेल्या.” टाळ्या पडल्या. माझ्या पोटात गोळा आला. ज्या बाईच्या फोनसाठी वही सुरू केली, तिलाच उठवायला आता ती वही कामी येणार होती. मी उभी राहून वाचून दाखवलं: एकवीसपैकी सहा नोंदींत चोरी भाजीवाल्यांच्याच वस्तूंची झाली आहे. साहेबांनी तो विषय महापालिकेचा म्हणून बाजूला ठेवला. त्या दिवशी ‘आमच्या हद्दीत नाही’ हे वाक्य मला पहिल्यांदाच गोड लागलं.

आठवड्याभरात संध्याकाळी साडेसहाला दोन शिपाई पायी फिरायला लागले. गस्तीची वही आमच्या दुकानात टांगली, ते येऊन वेळ टाकून सही करतात. गणपतीत सह्या विरळ झाल्या, नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या बंदोबस्तामुळे दहा दिवस पान कोरं. दसऱ्यानंतर पुन्हा सुरू. माझ्या वहीत त्या महिन्यात चार नोंदी झाल्या, त्यांतल्या तीन कोऱ्या दिवसांतल्या. त्या तिघांना मी स्वतः ठाण्यात नेलं. तिघांनाही आधी तोच छापील कागद मिळाला, दोघांनी तो परत केला. तिसऱ्याला लोकल पकडायची होती.

मावशींचा फोन मिळाला नाही. त्यांनी आता बटणांचा घेतलाय, कमरेच्या चंचीला सुतळीने बांधलेला. फोन वाजला की त्या सुतळीसकट कानाला लावतात आणि सुतळी अपुरी पडते म्हणून मान वाकडी करून बोलतात.