टायरच्या दुकानातली नाताळगीते

१९६१ सालचा नाताळ जवळ आला तेव्हा अमेरिकेत गुडइयरच्या टायरच्या दुकानांतून नाताळगीतांची एक एल.पी., म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, विक्रीला आली. किंमत एक डॉलर. रेकॉर्डच्या दुकानात त्या काळी एका एल.पी.साठी चार डॉलरच्या आसपास मोजावे लागत. गाणी कोलंबिया या बड्या कंपनीची होती आणि तिच्या ‘स्पेशल प्रॉडक्ट्स’ विभागाने ती निवडून, रेकॉर्ड काढून गुडइयरला घाऊक पुरवली होती. टायर ही काही सणासुदीला हौसेने खरेदी करायची वस्तू नव्हे. चाक पंक्चर झाल्याशिवाय किंवा बर्फ पडू लागल्याशिवाय त्या दुकानाची पायरी सहसा कोणी चढत नाही. असे गिऱ्हाईक एक डॉलरच्या गाण्यांसाठी तरी आत यावे आणि आलेच आहे तर चाकांकडेही एक नजर टाकून जावे, हा त्यामागचा सरळ व्यापारी हिशेब. तो बऱ्यापैकी जमला असावा, कारण अशा रेकॉर्डींची गुडइयरची मालिका सत्तरच्या दशकातही चालू राहिली आणि १९६२ मध्ये फायरस्टोन या दुसऱ्या टायर कंपनीनेही स्वतःची मालिका सुरू केली. दोन्ही कंपन्यांची मुख्यालये ओहायोतल्या अ‍ॅक्रन या एकाच शहरात होती, तेव्हा शेजाऱ्याने दुकानात काय मांडले आहे हे पाहायला दुसऱ्याला फार लांब जावे लागले नसणार.

ओहायोत राहायला आल्यापासून मी या तबकड्या जमवतो आहे. ना माझ्या घरी नाताळ साजरा होतो, ना लहानपणी ही गाणी कानांवर पडली होती. त्यामुळे इतरांना त्यांत जी स्मरणरंजनाची गोडी लागते ती मला लागण्याचे काही कारण नाही. मला गोडी लागली ती निवडीची. एखाद्या दुकानाने आपल्या गिऱ्हाइकाला काय आवडेल असे गृहीत धरले होते, हे या रेकॉर्डींइतके स्पष्ट क्वचितच कुठे ऐकायला मिळते.

गुडइयर आणि फायरस्टोन शेजारी शेजारी ठेवून ऐकले की हा मुद्दा लगेच ध्यानात येतो. कोलंबियाच्या पदरी ज्या प्रकारचे कलावंत होते, त्या सगळ्यांची हजेरी गुडइयरने लावली. अँडी विल्यम्ससारखा घराघरांत पोचलेला गायक, पर्सी फेथचा गुळगुळीत वाद्यवृंद, मॉर्मन टॅबरनॅकल या चर्चच्या गायकवृंदाचा भव्य समूहस्वर आणि त्यांच्याच पंक्तीला अभिजात संगीताचे वाद्यवृंदसंचालक लिओनार्ड बर्नस्टाइन अशी ती मिसळ होती. फायरस्टोनचा कल मात्र पहिल्यापासून ऑपेराकडे, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाकडे. पहिल्याच खंडात फ्रँको कोरेली आणि रॉबर्टा पीटर्स हे ऑपेरागायक आहेत. याचे मूळ टायरांत नसून रेडिओत आहे, असे मला वाटते. ‘व्हॉइस ऑफ फायरस्टोन’ हा कंपनीने पुरस्कृत केलेला संगीताचा कार्यक्रम १९२८ पासून रेडिओवर होत असे, पुढे तो दूरचित्रवाणीवर गेला आणि १९६३ पर्यंत टिकला. तीन दशकांहून अधिक काळ ऑपेराच्या गायकांना आश्रय दिलेल्या घराण्याने नाताळची रेकॉर्ड काढताना त्यांनाच बोलवावे, हे रीतीला धरूनच झाले. १९६६ च्या पाचव्या खंडात फायरस्टोनने ज्यूली अँड्र्यूज यांच्याकडून आंद्रे प्रेव्हिन यांच्या संगीतसंयोजनात गाणी गाऊन घेतली, आणि पुढच्याच वर्षी आरसीए या रेकॉर्ड कंपनीने तोच ऐवज नवे नाव व नवे कव्हर देऊन रेकॉर्डच्या दुकानांत आणला. टायरवाल्यांकडे एका डॉलरला मिळालेला माल संगीताच्या दुकानात प्रतिष्ठित होऊन आला, याची मला दरवेळी गंमत वाटते.

आपल्याकडच्या वाचकाला ही चीज कळायला दिवाळी अंक आठवावा. का. र. मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये पाडलेली प्रथा आजही तशीच चालू आहे: सणाच्या तोंडावर, जाहिरातदारांच्या बळावर, नामवंतांचे आणि नवख्यांचे लेखन एका वेष्टनात बांधून द्यायचे आणि पुढल्या वर्षी पुन्हा नवा अंक काढायचा. फरक एवढाच, की दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर संपादकाचे नाव ठळक असते. माझ्या संग्रहातल्या बहुतेक रेकॉर्डींवर गाणी निवडणाऱ्याचे नाव मला सापडलेले नाही, आणि हा अन्याय मला खुपतो. एखादी ऑपेरागायिका वरच्या पट्टीत स्वर लावून थांबल्यावर पुढे मुलांचे समूहगान ठेवायचे की हलकेफुलके चालू गाणे, बाजू उलटायच्या आधी शेवटी काय असावे, लहान मुलांसाठी किती आणि देवळात जाणाऱ्यांसाठी किती, याचा निर्णय कोणीतरी ऑफिसात बसून घेतलाच असणार. कित्येक रेकॉर्डींवर तो निर्णय वाईट आहे. पण काहींवर तो इतका नेमका आहे की चांगल्या मैफलीच्या क्रमाची आठवण व्हावी.

निवडीमागे पैशाचाही हात होता, असा माझा तर्क आहे. अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्याने प्रत्येक रेकॉर्डमागे प्रत्येक गाण्यासाठी हक्कदाराला द्यायचा २ सेंटांचा दर ठरवून दिला होता आणि तो १९७७ अखेरपर्यंत बदलला नाही. चार डॉलरच्या रेकॉर्डवर हे दोन सेंट कोणाच्या लक्षातही येत नसत, परंतु एक डॉलरच्या रेकॉर्डवर दहा हक्कबद्ध गाणी घेतली तर वीस सेंट तिथेच गेले. ‘सायलेंट नाइट’ १८१८ मध्ये ऑस्ट्रियात प्रथम गायले गेले आणि ‘जिंगल बेल्स’ १८५७ मधले. त्यांचे हक्क केव्हाच संपले होते. स्वस्त रेकॉर्डींवर जुन्या भक्तिगीतांची एवढी रेलचेल दिसते तिच्यामागे भक्तीइतकाच हा हिशेबही असावा.

आणि दुकानांनी नाताळाच्या गाण्यांना नुसते विकलेच असेही नाही. लाल नाकाच्या रूडॉल्फ हरणाची गोष्ट १९३९ मध्ये ‘माँटगोमेरी वॉर्ड’ या दुकानाच्या जाहिरात विभागातल्या रॉबर्ट मे यांनी लिहिली, ती गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी. पहिल्याच वर्षी तिच्या वीस लाखांहून जास्त प्रती वाटल्या गेल्या. जॉनी मार्क्स यांनी तिच्यावरून केलेले गाणे १९४९ मध्ये जीन ऑट्री यांनी गायले. नाताळाचे सर्वांत लाडके पात्र दुकानाच्या गल्ल्याजवळ जन्मलेले आहे, हे कळल्यापासून टायरवाल्यांच्या गाण्यांना नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

जमवणाऱ्याच्या दृष्टीने या वस्तूत एक मोठी उणीव आहे: ती दुर्मिळ नाही. भरमसाट छापल्या गेल्यामुळे जुन्या वस्तूंच्या दुकानात जमिनीलगतच्या खोक्यात या रेकॉर्डी हमखास पडलेल्या असतात आणि आजही बहुधा डॉलर-दोन डॉलरलाच मिळतात. त्यामुळे शोधायची असते ती रेकॉर्ड नव्हे, तिची चांगली प्रत. कव्हरवर आतल्या तबकडीचा गोल ठसा उमटलेला असतो, कडा चिकटपट्टीने सांधलेल्या असतात. माझ्याकडच्या गुडइयरच्या एका कव्हरच्या मागच्या बाजूस कोणीतरी निळ्या बॉलपेनने गाण्यांपुढे टिकमार्क केले आहेत, एकापुढे दोनदा, आणि एका गाण्यावर सरळ काट मारली आहे. रेकॉर्ड लावली तेव्हा दोन टिकांचे गाणे सगळ्यांत जास्त खरखरले, आणि काट मारलेले एखाद्या नव्या तबकडीसारखे स्वच्छ वाजले. त्या घरात सुई कुठे ठेवली जाई आणि कुठून उचलली जाई, याचा इतका चोख पुरावा दुसरा नसेल.

गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या वहिनींनी कपाटातल्या रांगा पाहून विचारले, “भावजी, एवढ्या रेकॉर्डी जमवायला टायर किती घेतलेत हो?” एकही नाही, हे उत्तर त्यांना पटले नाही.

टायरवाल्यांचे पाहून इतरही सरसावले. डब्ल्यू. टी. ग्रँट या बहुवस्तू दुकानांच्या साखळीनेही नाताळच्या एल.पी. काढल्या, १९७५ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि तिची दुकाने लयाला गेली. खिळे, रंग आणि नट-बोल्टचे पाने विकणाऱ्या ‘ट्रू व्हॅल्यू’ची मालिका मात्र चिवट निघाली, एल.पी., कॅसेट आणि सीडी अशी तिन्ही रूपे तिने पाहिली. सीडीच्या काळात कॉफीवाले आणि फर्निचरवाले पुढे आले. त्यांच्या सीडी देखण्या आहेत, पण त्यांत मला टायरवाल्यांचा भाबडा पसारा सापडत नाही. गिऱ्हाईक सुसंस्कृत आहे हे त्याला जागोजागी सांगितलेले असते, आणि मंद जॅझमागून मंद जॅझ वाजत राहते. तरीही त्या मी घेतो, कारण त्यांतही दुकानाने गिऱ्हाइकाविषयी धरलेला अंदाज पकडता येतो.

स्टारबक्सने २०१५ मध्ये आपल्या दुकानांतली सीडींची विक्री थांबवली आणि माझ्या संग्रहाची पुढची वाट तिथेच अरुंद झाली. हल्ली दुकाने गाण्यांची यादी तयार करून ती इंटरनेटवर ठेवून देतात. ती रातोरात बदलते, आणि मागल्या वर्षी तिच्यात काय होते हे दुकानालाही सांगता येईल असे नाही. अशी यादी विकत घेता येत नाही, कपाटात लावता येत नाही आणि तिच्यावर निळ्या पेनने टिकमार्कही करता येत नाहीत. म्हणून मी मागच्याच काळात उकरत बसतो. फायरस्टोनचा पाचवा खंड तर दर डिसेंबरात कुठल्या ना कुठल्या खोक्यातून वर येतोच, आणि आतली तबकडी घरातल्या प्रतींपेक्षा कमी चरे पडलेली दिसली तर मी डॉलर काढून तो आणखी एकदा घेतो.