कुत्रीच्या नसबंदीची परवानगी

जर्मनीत कुत्रीची नसबंदी मालकाच्या मनात आलं म्हणून करता येत नाही. हे मला चिंगी घरात येऊन वर्ष उलटल्यावर कळलं, आणि तेही डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघत "कशासाठी करायचीय?" असं विचारल्यावर.

कशासाठी म्हणजे? मी दादरची. आमच्याकडे जबाबदार माणूस कुत्रं पाळतो तेव्हा आधी लस टोचतो आणि मग ऑपरेशन करून घेतो. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला कापल्याची खूण दिसली की आपण म्हणतो, चला, याचं झालंय. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात कुत्री घेऊन गेलेल्या माणसाला कुणी कारण विचारल्याचं मला तरी आठवत नाही. उलट नाही केलंत तर कारण विचारतील.

इथल्या प्राणी संरक्षण कायद्याच्या कलम 6 नुसार धडधाकट प्राण्याचा अवयव काढायला मुळात बंदी आहे. सवलती मोजक्याच, आणि त्यांतल्या मुख्य दोन: वैद्यकीय कारण असेल तर, किंवा अनिर्बंध पैदास रोखायची असेल तर. मी लगेच दुसरी सवलत पकडली. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची कुत्री तिसऱ्या मजल्यावर राहते आणि पट्टा लावून फिरते. अनिर्बंध काय आहे त्यात?"

मला राग आला. रस्त्यावर एक भटकं कुत्रं नाही, रेबीजमुक्त देश म्हणून 2008 पासून मिरवताय, म्हणून हे तत्त्वज्ञान परवडतं तुम्हाला! आमच्याकडे या आणि रात्री अकराला स्कूटरवरून घरी जाऊन दाखवा, असं म्हणायचं होतं. माझ्या जर्मनमध्ये ते बसलं नाही. शिवाय मोकाट मांजरांच्या बाबतीत हेच लोक आपल्यासारखं वागतात. पाडरबोर्न शहराने 2008 मध्येच बाहेर हिंडणाऱ्या मांजरांची नसबंदी सक्तीची केली. म्हणजे प्रश्न तत्त्वाचा नाही, संख्येचा आहे. हे मी नवऱ्याला आठवडाभर ऐकवलं.

पण बाईंनी जे समजावलं ते खोटं नव्हतं. ऑपरेशनने गर्भाशयात पू होण्याचा धोका संपतो, हे खरं. पण काही कुत्र्यांना, विशेषतः मोठ्या जातीच्या, नंतर लघवी आवरत नाही. चिंगीत लॅब्राडोर बराच आहे. मुंबईत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्थात, बाहेर रांग लागलेली असताना एवढं बोलायला तिथल्या डॉक्टरला वेळ तरी कुठे असतो!

मग चिंगीनेच निकाल लावला. माज संपल्यावर काही आठवड्यांनी तिला दूध उतरलं, माझा लोकरी मोजा पिल्लू समजून ती कपाटामागे जाऊन बसली आणि खाणं सोडलं. मागच्या वेळीही असंच झालं होतं. बाईंनी आता फाइलमध्ये वैद्यकीय कारण लिहिलं. तरी लगेच नाहीच. दूध आटू दे, माज होऊन तीनेक महिने जाऊ दे, तोवर गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी होतो.

तयारी मात्र बघण्यासारखी. आधी हृदय तपासलं, रक्त तपासलं. मूत्रपिंड आणि यकृत भूल झेपवतील ना, हे बघायला. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे एकादशी! भगर तरी द्या." पोट भरलेलं असेल तर भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, हे सांगितल्यावर गप्प झाली. संमतीपत्रावर एक रकाना होता: आत आणखी काही सापडलं तर काढून टाकायचं की आधी फोन करायचा? मी "फोन" वर खूण केली.

ती झोपेपर्यंत मला शेजारी बसू दिलं. इंजेक्शननंतर मान माझ्या मांडीवर जड झाली, जीभ बाहेर आली, डोळे मात्र उघडेच. भुलेत पापणी मिटत नाही, म्हणून सहायक मुलीने बुबुळं सुकू नयेत यासाठी दोन्ही डोळ्यांत मलम घातलं. वाटलं, एवढ्यासाठी यांचे सगळे नियम माफ.

बिल आलं तेव्हा ती माफी थोडी मागे घेतली. इथे जनावरांच्या डॉक्टरांचे दर सरकार ठरवतं; 2022 च्या नोव्हेंबरपासून कुत्र्याच्या नुसत्या तपासणीचा किमान दर 23.62 युरो, त्यावर 19 टक्के कर, आणि डॉक्टर तिपटीपर्यंत आकारू शकतो. रात्रीबेरात्री गेलात तर 50 युरो आणखी, शिवाय दर किमान दुप्पट. ऑपरेशनचा आकडा रुपयांत करून बाबा म्हणाले, "एवढ्यात दुभती म्हैस येते गं."

आमचा विमा हौसेच्या नसबंदीला पैसे देत नाही. वैद्यकीय कारण असेल तर देतो, आणि ते तर बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. बरीचशी रक्कम परत आली. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते सगळ्या नातेवाइकांना म्हशीचा हिशेब रंगवून सांगतात, त्यांची मजा का घालवा?