भाच्याने आणलेलं डेटाबेसचं पुस्तक

रविवार, रात्र

दिवसभर पाऊस. दुपारी वीज गेली ती थेट साडेसहाला आली. पुस्तक खिडकीत बसून वाचावं लागलं आणि ते बरंच झालं. कॉम्प्युटर समोर नसताना डेटाबेसचं पुस्तक स्वतःच्या बळावर किती समजावू शकतं, ते लगेच कळतं.

भाचा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल पणजीहून वाळपईला येताना पाटोच्या सेंट्रल लायब्ररीतून रिलेशनल डेटाबेसवरचं, म्हणजे माहिती टेबलांत मांडून ठेवायच्या पद्धतीवरचं, एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. म्हणाला, "मावशी, तू बघ आणि सांग, विकत घेण्यासारखं आहे का? नवी प्रत बरीच महाग आहे." गावच्या दूध संस्थेचा हिशेब आणि कॉम्प्युटर मी ९ वर्षं सांभाळते, म्हणून त्याने माझ्याकडे यावं हे मला फार आवडलं. पण उत्तर द्यायला मी आजचा अख्खा दिवस घेतला.

आधी बघितलं ते हे, की रिलेशनल हा शब्द पुस्तकात कुठून आणलाय. पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं की टेबलं एकमेकांशी संबंधित असतात म्हणून रिलेशनल. ते चूक आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना हे मॉडेल मांडलं तेव्हा त्यांनी रिलेशन हा शब्द गणितातल्या संचांच्या भाषेतून घेतला. रिलेशन म्हणजे ते एक टेबलच, दोन टेबलांमधला दुवा नव्हे. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मला एकदम मोकळं वाटलं होतं. टेबल म्हणजे खऱ्या विधानांचा संच, आणि एकेक ओळ म्हणजे एकेक विधान: "अमुक सभासदाने अमुक तारखेला सकाळी ६ लिटर दूध घातलं, फॅट ४.२." या पुस्तकात ते नीट दिलंय, आणि तेही पहिल्याच प्रकरणात. तिथेच माझा विश्वास बसला.

मग शेवटची पानं उघडली. सूचीत नल (NULL) शोधला. सातशेच्या वर पानांच्या पुस्तकात नलला मिळालंय एकच पान! त्यातही एवढंच, की नल म्हणजे रिकामी जागा, शून्य नव्हे. हे बरोबर आहे, पण एवढ्याने माणूस फसतो. मी फसले होते. संस्थेत रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी सचिवकाकांनी विचारलं, "या महिन्यात एकदाही दूध न घातलेले सभासद कोण ते काढून दे." मी नॉट इन (यादीत नसलेले) वापरून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली: सभासदांच्या यादीतले असे, ज्यांचा क्रमांक महिन्याच्या संकलनात नाही. उत्तर आलं कोरं. एकही नाव नाही. काका खूश झाले, सगळेच दूध घालतात म्हणून! पण मला तीन घरं तरी माहीत होती, ज्यांची गाय आटली होती. दोन दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं. वीज नसताना हाताने लिहिलेल्या एका चिठ्ठीची नोंद नंतर केली होती, तिच्यात सभासद क्रमांकच राहून गेला होता. तो एक नल. "१७ क्रमांकाचा सभासद या यादीत नाही ना?" असं विचारल्यावर डेटाबेस ती यादी बघतो, तिच्यातला एक क्रमांक अज्ञात असतो, आणि तो १७ नाहीच असं त्याला ठामपणे म्हणता येत नाही. उत्तर खरं नाही, खोटं नाही, अज्ञात. आणि व्हेअर, म्हणजे क्वेरीतली अट, यातून पुढे जातं ते फक्त खरं. म्हणून सगळेच गळले. नॉट एक्झिस्ट्स (जुळणारी ओळच नाही ना, एवढंच विचारणं) वापरलं की हे होत नाही, आणि मुळात तो कॉलम नॉट नल, म्हणजे रिकामा सोडूच न देणारा, ठेवायला हवा होता. हे दोन्ही या पुस्तकात नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण इथे चूक झाली तरी कॉम्प्युटर एरर देत नाही. कोरं पान देतो, आणि माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

नॉर्मलायझेशनवर, म्हणजे एक गोष्ट एकाच जागी राहील अशी टेबलं पाडण्यावर, मात्र हे पुस्तक मनापासून लिहिलंय. कोणत्या गोष्टीवरून कोणती गोष्ट ठरते, यापासून सुरुवात. सभासद क्रमांकावरून नाव ठरतं, नावावरून क्रमांक ठरत नाही, कारण एका वाड्यावर एकाच नावाचे दोघे सापडतात. मग पायरीपायरीने तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत नेलंय. फक्त ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सीची (कीवरून एक गोष्ट आणि तिच्यावरून तिसरी ठरणं) व्याख्या दिलीय तिथे आधीच्या कुणा वाचकाने समासात पेन्सिलीने लिहिलंय, "का?" मीही तिथे थबकले. व्याख्या चार ओळींत, आणि ती मोडली तर कामात नक्की काय बिघडतं ते पुढे सहा पानांनंतर. क्रम उलटा हवा होता.

याच प्रकरणातल्या दुकानाच्या उदाहरणापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. वस्तूंच्या टेबलात किंमत, ऑर्डरीच्या टेबलात वस्तूचा क्रमांक आणि नग. बिल हवं तर दोन्ही जोडा, गुणाकार करा. किंमत दोनदा लिहू नका, असं बजावलंय. वाचताना अगदी पटतं. पण आमच्या दरपत्रकाला हे लावून बघितलं आणि पोटात गोळा आला. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) यांवरून दर ठरतो, आणि दरपत्रक बदलतं. आजचा दर बदलला की जोडून काढलेलं मागच्या वर्षीचं बिलही बदलणार! सचिवकाका पहिल्या दिवसापासून सांगतात, "दर बदलला तरी जुन्या बिलाला हात लागता कामा नये." त्यांनी डेटाबेसचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, पण हे वाक्य त्या प्रकरणात असायला हवं होतं. दरपत्रकाला कोणत्या तारखेपासून लागू ते लिहावं, आणि ज्या दराने पावती हातात दिली तो दर संकलनाच्या ओळीतही ठेवावा. ही पुनरुक्ती नव्हे. आजचा दर ही एक गोष्ट, त्या सकाळी दिलेला दर ही दुसरी. नियम पाठ करणाऱ्या मुलाला हा फरक या पुस्तकातून कळणार नाही, आणि तो प्रामाणिकपणे चुकीचं टेबल बनवेल.

आवृत्ती २०११ सालची. त्यामुळे पहिली साठेक पानं, म्हणजे इन्स्टॉल कसं करायचं आणि कुठे क्लिक करायचं, ती सोडून द्यायची. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून आसपासच्या ओळींवरून हिशेब करणारी) नाहीत असं लिहिलंय, ती ८.० मध्ये, २०१८ साली आली. चेक कन्स्ट्रेंटचं, म्हणजे भलती किंमत आत येऊ न देणाऱ्या नियमाचं, उदाहरण सुरेख आहे, पण त्या काळचं मायएसक्यूएल चेक लिहू द्यायचं आणि गुपचूप दुर्लक्ष करायचं, हे पुस्तकात नाही. तो नियम खरोखर पाळला जायला लागला २०१९ मध्ये, ८.०.१६ पासून. आमच्याकडे ४.५ फॅटच्या जागी ४५ पडलं होतं ते याच काळात. कॉलमवर चेक होता, तरी पडलं. एका ठिकाणी पैशांचा कॉलम फ्लोट, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणारा, ठेवलाय. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ होत नाही. पैशाला नेमका आकडा साठवणारा डेसिमलच हवा. इंडेक्सचं (ओळी लवकर सापडाव्यात म्हणून केलेली सूची) प्रकरण ठीकठाक.

पण जुनं म्हणून टाकाऊ, असं मी त्याला सांगणार नाही. प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारे कॉलम), डिपेंडन्सी, ट्रान्झॅक्शन (काम पूर्ण तरी होतं, नाहीतर अजिबात नाही) यांचा पाया कॉड आणि त्यांच्या नंतरच्या लोकांनी सत्तरच्या दशकातच घातला. ती पानं पन्नास वर्षांत शिळी झाली नाहीत, पुढेही होणार नाहीत. ट्रान्झॅक्शनचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. बिलाची रक्कम सभासदाच्या खात्यात जमा झाली आणि संस्थेच्या खात्यातून वजा होण्याआधी वीज गेली तर काय, हा आमच्या पावसाळ्यातला रोजचा प्रश्न, आणि तो तिथे अगदी सावकाश, हात धरून उलगडलाय.

संध्याकाळी पेज जेवताना भाच्याला सांगितलं: विकत घेऊ नकोस. लायब्ररीतून पुन्हा आण, की, नॉर्मलायझेशन आणि ट्रान्झॅक्शन ही तीन प्रकरणं वहीत स्वतःच्या हाताने उतरव. नल आणि पैशांबद्दल मी शिकवीन.

तो थोडा हिरमुसला असं वाटलं. पण तो वेगळाच विचार करत होता. कीचं प्रकरण त्याने कालच बसमध्ये वाचून काढलं होतं. आमच्या संकलनाच्या टेबलाची प्रायमरी की म्हणून त्याने सभासद, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ हे तीन कॉलम कागदावर मांडले होते. घास तसाच हातात ठेवून म्हणाला, "पण मावशी, एखाद्याकडे गाय पण आहे आणि म्हैस पण, आणि त्याने सकाळी दोन्हींचं दूध घातलं तर? दोन ओळी होतील ना? मग ही की चालणार नाही."

मी लगेच उत्तर दिलं नाही. एकाच घरातून गाईच्याच दुधाचे दोन कॅन अर्ध्या तासाच्या अंतराने येतात, हे त्याला अजून माहीत नाही. गजर साडेपाचचा लावलाय. सहाला तो माझ्याबरोबर केंद्रावर येतोय, तो कागद घेऊन.