तुम्ही विचारलंत म्हणून: घोडा काय म्हणतो?

‘हा आता काय म्हणाला हो?’ पेडण्याकडच्या ज्या तबेल्यात मी घोड्यांची देखभाल करते, तिथे मुलांना घेऊन येणारे पालक हे विचारतातच. प्रश्न रास्त आहे. गाय-म्हैस आपल्या घरची, तिचं हंबरणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घोडा मात्र गोव्यात बहुतेकांना ठाऊक असतो तो शिगम्यातल्या घोडेमोडणी या लोकनृत्यातला, कमरेला बांधलेला, ढोल-ताशावर नाचणारा. एकेकाळी विजयनगरसाठी अरबी घोडे याच किनाऱ्यावर जहाजांतून उतरत, पण ते घाट चढून गेले. आपल्या गोठ्यात काही राहिले नाहीत.

त्यात सिनेमा. पडद्यावर घोडा आला की तो खिंकाळलाच पाहिजे, असा तिथला नियम दिसतो. खरा घोडा दिवसाचा बराच वेळ गप्प असतो. उघड्या माळावर कळपाने राहणाऱ्या आणि लांडग्यांचं भक्ष्य असलेल्या प्राण्याला उगाच गाजावाजा परवडत नाही.

खिंकाळी असते ती लांबच्यासाठी. जोडीदार फेरीला बाहेर गेला की मागे राहिलेला मान वर करून खिंकाळतो आणि बऱ्याचदा रस्त्यावरून उत्तर येतं. हाक कुणाची, हे त्यांना नेमकं कळतं. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली हे तपासलं. कळपातला एक घोडा समोरून नेऊन आडोशाला केला आणि मग खिंकाळी ऐकवली, कधी त्याचीच, कधी कळपातल्या दुसऱ्याची. दुसऱ्याची ऐकवली की बघणारा घोडा चटकन तिकडे वळे आणि जास्त वेळ बघत राही. म्हणजे ‘गेला एक आणि ओरडतोय भलताच’ हे त्याला खटकत होतं.

२०१५ साली स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. एकाच खिंकाळीत दोन स्वतंत्र सूर असतात. खालच्या सुरावरून घोडा किती उत्तेजित आहे ते कळतं, वरच्यावरून ती उत्तेजना सुखाची की त्रासाची ते. सोबती परत भेटला तर खिंकाळी आखूड होते आणि तो वरचा सूर जरा खाली येतो. मला कानाने ते दोन सूर वेगळे काढता येत नाहीत. आखूड-लांब मात्र कळतं, आणि रोजच्या कामाला तेवढं पुरतं.

जवळच्यांसाठी असतो तो हुंकार. तोंड मिटून, नाकपुड्या थरथरवत काढलेला, अगदी खालच्या पट्टीतला. सकाळी दाण्याची बादली वाजली की मला तो मिळतो. लोकांना वाटतं प्रेम आहे. असेलही, पण बादली दुसऱ्या कुणाच्या हातात असली तरी तो तसाच हुंकारतो. घोडी तसाच आवाज शिंगराजवळ काढते आणि नर माजावर आलेल्या घोडीजवळ. दोन अनोळखी घोडे नाकाला नाक लावून हुंगतात, तेव्हा एकदम चिरकी किंकाळी निघते, पुढचा पाय आपटतो. पालक घाबरतात. मारामारी क्वचितच होते, ती ओळखपरेड असते.

फुरफुरण्याचं जरा नीट ऐका. नाकातून सैलसर, पडदा फडफडल्यासारखा येतो तो बहुतेकदा समाधानाचा. फ्रान्समधल्या रेन येथील संशोधकांनी २०१८ साली मांडलं, की घोडे कुरणावर जास्त फुरफुरतात, बंद खणात कमी. पण तोच श्वास एकदाच, जोरात, बंदुकीच्या बारासारखा सुटला आणि मान ताठ, कान एकाच दिशेला टवकारलेले असतील, तर त्याला काहीतरी दिसलंय. इथे बहुधा वाऱ्यावर उडणारं ताडपत्रीचं टोक असतं.

म्हणून ‘काय म्हणाला’ याचं उत्तर मी कानांकडे बघून देते. कान मागे डोक्याला चिकटले की आवाज कुठलाही असो, मुलाला मागे घ्या.

आणि ज्या आवाजासाठी मी सर्वांत जास्त कान देते, तो तोंडातून येतच नाही. तो कुशीतून येतो. निरोगी घोड्याचं पोट दिवसरात्र गुडगुडत असतं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटाचं दुखणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय दुखत असताना तो ओरडेलच असं नाही. कुशीकडे वळून बघतो, पायाने जमीन उकरतो, दाणा तसाच सोडतो, खाली पडून लोळू लागतो. काही दुखण्यांत पोटात नको इतका गडगडाट होतो, काहींत सगळं चिडीचूप. ते चिडीचूप ऐकलं की मी दाणा काढून घेते आणि डॉक्टरांना फोन लावते, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन आलात तर हाक मारून खांद्याच्या बाजूने जवळ या, पाठीमागून नको. स्टेथोस्कोप मी देते. उजव्या कुशीवर, वरच्या बाजूला लावायचा आणि थोडं थांबायचं.